फूचुनची गुंडाळी : एक फसलेला चित्रपट आणि एक वाचलेले चित्र

वाईट चित्रपट आपण सहसा विसरून जातो. 'स्विच' मात्र माझ्या मनात कुसळासारखा रुतून राहिला. २०१३ च्या जूनमध्ये चीनमध्ये प्रदर्शित झालेला हा त्रिमित चित्रपट. दिग्दर्शक सुन ज्यानजुन, नायक हाँगकाँगचा लोकप्रिय नट अँडी लाउ. त्याचा 'इन्फर्नल अफेअर्स' आपल्याकडेही अनेकांनी पाहिलेला असेल, निदान त्यावरून स्कॉर्सेसीने केलेला 'द डिपार्टेड' तरी. कथानक चार ओळींत सांगता येते. साडेसहाशे वर्षांपूर्वीचे एक अमोल चित्र दोन तुकड्यांत वाटले गेलेले आहे. ते तुकडे एकत्र येण्याच्या बेतात असताना जगभरातल्या टोळ्या त्यांच्या मागे लागतात. त्यांत एक माथेफिरू जपानी खलनायक आहे, एक गूढ सुंदरी आहे आणि चित्राचे रक्षण करणारा एक गुप्त अधिकारी आहे. हांगचौ, दुबई, जपान अशी धावपळ होते. पाठलाग होतात, काचा फुटतात, कपडे बदलले जातात. कोण कोणाच्या बाजूने आहे हे अर्ध्यावर कळेनासे होते आणि त्यानंतर कळून घ्यावेसेही वाटत नाही.

चिनी समीक्षकांनी त्याची सालटी काढली. प्रेक्षकांनी तर त्याहून जास्त. गंमत अशी, की टिंगल इतकी गाजली की 'हे नेमके किती वाईट आहे ते बघू या' म्हणून लोक तिकिटे काढून गेले आणि चित्रपटाने सुमारे तीस कोटी युआन मिळवले. म्हणजे पडला असेही म्हणता येत नाही. फसला एवढेच.

माझे दुखणे वेगळे आहे. चित्रपटात ज्या चित्राची चोरी आणि राखण चालली आहे ते काल्पनिक नाही. ह्वांग गोंगवांग या चित्रकाराचे 'फूचुन पर्वतातील निवास' हे चिनी निसर्गचित्रणातले एक शिखर आहे, ते खरोखरच दोन तुकड्यांत आहे, आणि ते तुकडे खरोखरच एका समुद्रधुनीच्या दोन काठांवर आहेत. त्या चित्रावर चोरीचे, फसवणुकीचे, आगीचे, बादशाही मूर्खपणाचे आणि युद्धाचे जेवढे प्रसंग आले, तेवढे कुठल्याही पटकथाकाराला सुचले नसते. ते सगळे समोर तयार असताना चित्रपटाने दुबईच्या इमारतींवरून उड्या मारणे पसंत केले. असे का झाले असावे, याचा विचार करताना मला त्या चित्राच्या चरित्रातच शिरावे लागले.

चोरीपटांविषयी एक समज रूढ आहे, की त्यात चोरायची वस्तू कोणतीही चालते. हिचकॉकने अशा वस्तूला 'मॅकगफिन' असे गमतीदार नाव रूढ केले. पात्रांना तिची ओढ हवी, प्रेक्षकाने ती काय आहे याची फिकीर करू नये, असा त्याचा अर्थ. हिचकॉकला ते साधले, कारण तो हिचकॉक होता. पण या जातीचे चांगले चित्रपट आठवून पाहा. 'टोपकापी'मधला (१९६४) पाचू जडवलेला खंजीर इस्तंबूलच्या संग्रहालयात ज्या तऱ्हेने ठेवला आहे, त्या ठेवण्यातूनच चोरीची युक्ती जन्माला येते. 'हाऊ टू स्टील अ मिलियन'मध्ये (१९६६) संग्रहालयातली मूर्ती बनावट आहे, आणि तज्ज्ञांच्या तपासणीत ते उघडे पडू नये म्हणूनच ती चोरावी लागते. सत्यजित राय यांच्या 'जय बाबा फेलुनाथ'मध्ये (१९७९) काशीच्या एका बंगाली घराण्यातली गणेशाची छोटी मूर्ती नाहीशी होते, आणि ती सापडते घरच्या दुर्गेच्या सिंहाच्या जबड्यात, एका लहान मुलाने च्युइंगगमने चिकटवलेली. ती मूर्ती त्या घरातून, त्या सणातून, त्या पोराच्या साहसकथांच्या वेडातून वेगळी काढता येत नाही. वस्तू काय आहे, कशाची आहे, कुणाच्या हातात कशी बसते, हे ज्या चोरीपटाला ठाऊक असते त्यात चोरीला अर्थ येतो. 'स्विच'मध्ये चित्राच्या जागी हिऱ्याची पेटी ठेवली असती तरी एकही प्रसंग बदलावा लागला नसता.

तेव्हा आधी वस्तू पाहू.

ह्वांग गोंगवांगचा जन्म १२६९ सालचा. त्याच्या लहानपणीच चीनवर मंगोलांचा अंमल बसला आणि युआन राजवट सुरू झाली. शिकलेल्या चिनी माणसाला मोठ्या पदाची दारे जवळजवळ बंद होती. ह्वांगने कारकुनी केली. वरिष्ठाच्या एका प्रकरणात तोही ओढला गेला आणि तुरुंगात गेला. सुटल्यावर त्याने संसारी महत्त्वाकांक्षा सोडल्या, ताओ पंथाची दीक्षा घेतली, भविष्य सांगून पोट भरले. चित्रकलेकडे तो गंभीरपणे वळला तेव्हा त्याचे अर्धे आयुष्य सरले होते. हे चित्र त्याने सुरू केले तेव्हा तो अठ्ठ्याहत्तरीच्या आसपास होता.

चित्र म्हणजे आडवी गुंडाळी आहे. कागदावर फक्त शाई, रंग नाही. उंची वीतभर-दीडवीत, लांबी कित्येक हात. जुन्या घरांतल्या ट्रंकांमध्ये लांबलचक जन्मपत्रिकांच्या गुंडाळ्या असायच्या. त्या ज्यांनी उलगडल्या आहेत त्यांना असल्या वस्तूचा स्पर्श समजेल, फक्त ही गुंडाळी आडवी उघडते. डाव्या हाताने उलगडत जायचे, उजव्या हाताने मागचे गुंडाळत यायचे. एका वेळी दोन हातांच्या मध्ये मावेल तेवढेच दिसते. नदी, काठचे डोंगर, झाडी, एखादी होडी, पुलावरचा माणूस, मग पुष्कळ पाणी आणि काहीच नाही, मग पुन्हा डोंगर. किती वेगाने जायचे हे पाहणाऱ्याने ठरवायचे. संग्रहालयाच्या काचेखाली ते सबंध उलगडून ठेवतात, पुस्तकात ते एका पानावर बारीक करून छापतात, आणि दोन्ही ठिकाणी आपण जे पाहतो ते चित्रकाराने योजलेले नाही. त्याने योजलेला आहे एक प्रवास. त्या काळच्या कलांमध्ये चित्रपटाच्या सर्वांत जवळची गोष्ट कोणती असे कुणी विचारले, तर मी हीच सांगेन. चौकट ठरलेली आणि तिच्यातून दृश्य सरकत जाणारे. एका चित्रपटाने नेमके हेच चित्र निवडावे आणि त्याच्याकडे निवांत पाहायला चित्रपटातल्या कुणालाच सवड नसावी, याचे मला राहून राहून नवल वाटते.

चित्राच्या शेवटी ह्वांगने स्वतः एक नोंद लिहिली आहे. तिचा आशय असा: १३४७ मध्ये तो फूचुन पर्वतात परतला, तेव्हा वूयोंग नावाचा त्याचा गुरुबंधू सोबत होता. मोकळ्या वेळात त्याने हे चित्र मांडले. लहर लागली की काढत गेला. तीन-चार वर्षे झाली तरी पुरे झाले नाही, कारण चित्र डोंगरातल्या घरी आणि तो ढगांसारखा भटकत बाहेर. आता त्याने ते प्रवासाच्या सामानात घेतले आहे आणि सवडीने पुरे करणार आहे. पण वूयोंगला काळजी लागली आहे, की कुणीतरी हे चित्र गोड बोलून किंवा दांडगाईने लांबवील. म्हणून चित्र पुरे होण्याआधीच शेवटी हे लिहून ठेव, असा त्याचा आग्रह आहे. तारीख १३५० सालची, चिनी पंचमी सणाच्या आदल्या दिवसाची.

चित्र अजून अपुरे आहे आणि चोरीची भीती त्यावर लिहिली गेली आहे! वूयोंग या नावाचा अर्थ 'निरुपयोगी'. त्याचे मूळ नाव चू, आणि चू हे च्वांग्झच्या ग्रंथातले ते वेडेवाकडे झाड, ज्याच्याकडे सुतार ढुंकूनही पाहत नाही आणि म्हणूनच ज्यावर कुऱ्हाड पडत नाही. उपयोग नसेल तर वस्तू वाचते, हे आपल्या नावातच मिरवणाऱ्या माणसाला या चित्राची मात्र धास्ती वाटत होती. पुढे ती खरी ठरली.

ह्वांगनंतर सव्वाशे वर्षांनी चित्र शेन झोउ या थोर चित्रकाराकडे आले. त्याने एका परिचिताला त्यावर काही ओळी लिहायला दिले. परिचिताच्या मुलाने ते दडपले आणि विकून टाकले. काही काळाने तेच चित्र बाजारात विकायला आलेले शेन झोउने पाहिले. किंमत त्याला झेपणारी नव्हती. तो घरी गेला आणि १४८७ मध्ये त्याने सबंध चित्र आठवणीने पुन्हा काढले. ते आज बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. पुढे मूळ चित्र ज्याने विकत घेतले त्या माणसाने ते शेन झोउसमोर ठेवले, आणि १४८८ मध्ये शेनने त्यावर ही सगळी हकीकत लिहिली. चोराविषयी त्यात फारशी चीड नाही.

इथे मराठी वाचकाला इंद्रायणी आठवल्यावाचून राहणार नाही. गाथा डोहात बुडवली गेली, नदीने ती तेरा दिवसांनी कोरडी परत केली, असे परंपरा सांगते. पण तीच परंपरा संताजी जगनाडे यांच्या वह्यांविषयी आणि अभंग मुखोद्गत असलेल्या माणसांविषयीही सांगते. वस्तू नष्ट होऊ नये याची एक व्यवस्था तिजोरीत असते, दुसरी कुणाच्या तरी डोक्यात. शेन झोउची प्रत ही दुसऱ्या जातीची. पाहून केलेल्या नकलेत न येणाऱ्या मोकळ्या जागा त्यात आहेत. काही डोंगर त्याचे स्वतःचे झाले आहेत.

सतराव्या शतकात चित्र यीशिंग गावच्या वू घराण्याकडे आले. त्याआधी ते दोंग छीचांग या चित्रकार-अधिकाऱ्याकडे होते. वू होंगयू हा त्या घराण्याचा वारस. मिंग राजवट कोसळली, मांचू सैन्य आले, तेव्हा पळताना त्याने घरचे सगळे सोडले, पण दोन गुंडाळ्या सोडल्या नाहीत. एक हे चित्र आणि दुसरे प्राचीन भिक्षू झियोंग याच्या हातचे 'सहस्राक्षरी'. १६५० मध्ये तो मरणाला टेकला. या दोन्ही वस्तू आपल्याबरोबर यायला हव्यात असे त्याने ठरवले. मृताबरोबर वस्तू पुरायची, तशा त्याने त्या जाळायला सांगितल्या. पुढे युन शौपिंग या चित्रकाराने ही हकीकत नोंदवून ठेवली आहे. पहिल्या दिवशी 'सहस्राक्षरी' जाळली गेली. वू होंगयू समोर बसून होता, ती सबंध जळेपर्यंत. दुसऱ्या दिवशी फूचुनची गुंडाळी आगीत गेली. ज्वाळा धरल्या तसा तो बिछान्याकडे परतला. तेवढ्या वेळात त्याच्या पुतण्याने, वू जिंगआनने, ती गुंडाळी आगीतून ओढून काढली आणि तिच्या जागी दुसरीच एक गुंडाळी टाकली.

चित्रपटाचे नाव 'स्विच', म्हणजे अदलाबदल. चोरीपटातली सर्वांत लाडकी युक्ती! या चित्राच्या आयुष्यात ती खरोखर घडली आहे. मरणाऱ्या चुलत्याच्या नजरेआड, शेकोटीच्या धगीत, एका जोडी हातांनी. आणि ज्याच्यापासून चित्र वाचवायचे होते तो दरोडेखोर नव्हता, त्याच्याइतके त्या चित्रावर प्रेम केलेला दुसरा माणूस त्या वेळी जगात नव्हता. चित्रपटातला खलनायकही चित्रावर प्रेम असल्याचे सांगतो, पण ते प्रेम आपल्याला कुठेच दिसत नाही, नुसते ऐकू येते.

गुंडाळी जळते ती उलगडलेल्या कागदासारखी जळत नाही. बाहेरचा पदर, म्हणजे चित्राचा आरंभ, सर्वांत जास्त जातो. आत-आत भोके लहान होत जातात आणि ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतात. आरंभीचा काही फुटांचा भाग कायमचा गेला. उरलेल्यातून एक छोटा तुकडा वेगळा झाला, त्यात योगायोगाने एक डोंगर जवळजवळ पूर्ण बसला होता. त्याला नाव पडले 'उरलेला डोंगर'. तो ३१.८ सेंटिमीटर उंच आणि ५१.४ सेंटिमीटर रुंद आहे. मोठा भाग ३३ सेंटिमीटर उंच आणि ६३६.९ सेंटिमीटर लांब, तो वूयोंगच्या नावाने ओळखला जातो. दोन्ही तुकडे पुन्हा नीट चिकटवून, कडा झाकून, वेगवेगळ्या वाटांनी बाजारात गेले.

पुढचा प्रसंग विनोदी आहे. छ्येनलोंग बादशहाला चित्रे जमवायचा नाद होता आणि जमवलेल्या चित्रांवर लिहायचा त्याहून मोठा. १७४५ मध्ये त्याच्याकडे फूचुनची एक गुंडाळी आली. तो हरखला. ती बनावट होती, आदल्या शतकात केव्हातरी कुणीतरी केलेली नक्कल, झमिंग नावाच्या माणसाला अर्पण केल्याची खोटी नोंद वर असलेली. दुसऱ्याच वर्षी खरी गुंडाळी दरबारात आली. बादशहाने दोन्ही शेजारी ठेवल्या, निरखल्या आणि खरीला खोटी ठरवले. चित्र बरे आहे म्हणून विकत मात्र घेतले. ते बनावट असल्याचा शेरा एका दरबाऱ्याकडून त्यावर लिहवून घेतला आणि कोठीत टाकले.

खोट्या चित्राला त्याने प्रवासात बरोबर नेले. वेळोवेळी त्यावर कविता, टिपणे, आठवणी लिहिल्या. पन्नासांहून अधिक वेळा. ह्वांगच्या नदीवर जो मोकळा आकाशाचा पट्टा असतो, तो त्या नकलेवर बादशाही अक्षरांनी आणि शिक्क्यांनी गच्च भरला आहे. खऱ्या चित्रावर त्यातले काहीच आले नाही. एका रसिकाच्या प्रेमातून ते जळता जळता वाचले होते, दुसऱ्याच्या प्रेमातून ते केवळ चुकीच्या निवाड्यामुळे वाचले. निरुपयोगी ठरलेल्या झाडासारखे ते सत्तर वर्षे कोठीत पडून राहिले. १८१६ मध्ये, छ्येनलोंग गेल्यानंतर, दरबारी यादीच्या नव्या खंडात त्याची पुन्हा अस्सल म्हणून नोंद झाली. दोन्ही गुंडाळ्या, खरी आणि खोटी, आज तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहेत.

चोरीपट काढायचा होता ना? एकाच कोठीत दोन गुंडाळ्या, खोटीवर बादशहाचे शिक्के, खरीवर 'बनावट' असा शेरा. चोराने कोणती उचलायची?

विसाव्या शतकात राखणदार बदलले. १९३३ मध्ये जपानी सैन्य उत्तर चीनमध्ये पुढे सरकू लागले, तेव्हा बीजिंगच्या राजवाड्यातला आणि इतर काही संस्थांचा संग्रह साडेएकोणीस हजारांहून अधिक पेट्यांत भरून दक्षिणेला हलवला गेला. चिनी मातीची भांडी कशी बांधायची हे संग्रहालयातल्या कारकुनांना नीट माहीत नव्हते. ते त्यांनी जुन्या वस्तूंच्या दुकानदारांकडून शिकून घेतले. कापूस, कागद, भाताचा पेंढा, दोर. १९३७ मध्ये युद्ध पेटले, तेव्हा पेट्या तीन वाटांनी पश्चिमेकडे निघाल्या. रेल्वे, होडी, ट्रक, हमाल. छांगशाला काही पेट्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवल्या होत्या. त्या हलवल्यावर थोड्याच महिन्यांत ते ग्रंथालय बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले. काही पेट्या आन्शुनजवळ एका गुहेत राहिल्या. युद्ध संपले, तोवर यादवी पेटली. १९४८ च्या डिसेंबरपासून राजवाडा संग्रहालयाच्या २,९७२ पेट्या तीन जहाजांतून तैवानला गेल्या. वूयोंगची गुंडाळी त्या प्रवासात होती.

या माणसांवर एक चित्रपट व्हावा असे मला फार वाटते. पेट्यांच्या याद्या करणारे, दर पावसाळ्यानंतर पेट्या उघडून वाळवी लागली का ते बघणारे, ट्रक नदीत घसरला तर आधी पेटी क्रमांक विचारणारे. आपल्याकडे पेशवे दफ्तराचे रुमाल सोडणारी आणि पुन्हा बांधणारी माणसे होती, त्याच कुळीतली ही. त्यांच्याजवळ पिस्तूल नसते. असलेच तर किल्ल्यांचा जुडगा असतो.

'उरलेला डोंगर' तोपर्यंत कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता. १९३८ मध्ये शांघायमध्ये वू हूफान या चित्रकार-संग्राहकाने तो ओळखला आणि घरातले एक प्राचीन कांस्यपात्र देऊन मिळवला. तो तुकडा त्याच्या जिवाचा झाला. नव्या राजवटीत शा मंगहाय हे सुलेखनकार चेज्यांग प्रांताच्या संग्रहालयात काम करत होते. असली वस्तू खासगी घरात टिकत नाही, हे त्यांनी वू हूफानला परोपरीने सांगितले. त्यासाठी ते पुन्हा पुन्हा शांघायला गेले. १९५६ मध्ये तुकडा हांगचौच्या संग्रहालयात आला, फूचुन नदीपासून फार दूर नाही अशा जागी. म्हणजे १९५६ नंतर परिस्थिती अशी, की एक डोंगर हांगचौला आणि उरलेली नदी तैपेईला.

२०१० च्या मार्चमध्ये चीनचे तेव्हाचे पंतप्रधान वन ज्याबाओ यांनी वार्षिक पत्रकार परिषदेत या चित्राचा दाखला दिला. चित्राची ही स्थिती, तर माणसांची काय, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. एका चित्राला एकीकरणाचे प्रतीक करण्यात आले. २०११ च्या जूनमध्ये तैपेईला दोन्ही तुकडे एका प्रदर्शनात शेजारी ठेवले गेले, ३६१ वर्षांनी. प्रवास एकाच बाजूने झाला, हे ध्यानात घ्यायला हवे. हांगचौचा डोंगर तैपेईला आला, तैपेईची नदी हांगचौला गेली नाही. कारण साधे कायद्याचे होते. उसनी दिलेली वस्तू जप्त होणार नाही अशी कायदेशीर हमी असल्याशिवाय तैपेईचे संग्रहालय काही बाहेर पाठवत नाही, आणि चीनमध्ये तशी हमी देणारा कायदा नव्हता. शिवाय अशी हमी मागणे म्हणजे ही वस्तू नेमकी कुणाची, हा प्रश्न उघडपणे विचारणे. चित्राच्या राखणीचा आजचा खरा प्रश्न हा आहे.

'स्विच' या लाटेवर स्वार होऊन आला. एकत्र येणारे दोन तुकडे, त्यांच्यावर डोळा ठेवणारे परके, त्यांना परतवणारा आपला शूर अधिकारी. मुख्य भूमी, हाँगकाँग आणि तैवान, तिन्हीकडचे तारे एका पोस्टरवर. या कथेत अडचणीचे प्रश्न विचारायची सोय नव्हती, म्हणून धोका बाहेरून आणावा लागला, आणि तोही जपानी, म्हणजे प्रेक्षकांना ओळखीचा. खऱ्या इतिहासात या चित्राला सर्वांत मोठे धोके घरातून आले होते: मित्राचा मुलगा, मालकाचे प्रेम, बादशहाची हौस, यादवी. ते दाखवायचे तर आपल्याच माणसांकडे बोट दाखवावे लागते. ते टाळले की उरतात पाठलाग. पटकथा विस्कळीत आहे, संकलन धसमुसळे आहे, नट कंटाळलेले दिसतात, हे सगळे खरेच. पण माझ्या मते चित्रपट त्याआधीच फसला होता, हे चित्र कशापासून वाचवायचे याचे खोटे उत्तर ठरवले गेले तेव्हाच.

याच नदीवर आणखी एक चित्रपट आहे. कू श्याओगांग हा फूयांगचा, म्हणजे फूचुन नदीच्या काठचाच तरुण दिग्दर्शक, १९८८ मध्ये जन्मलेला. त्याचा पहिला कथापट २०१९ च्या कान महोत्सवात समीक्षक सप्ताहाच्या समारोपाला दाखवला गेला. इंग्रजीत त्याचे नाव चित्राचेच आहे, 'फूचुन पर्वतातील निवास'. त्यात मूळ चित्र पळवायला कुणी येत नाही. एक म्हातारी आई, तिचे चार मुलगे, वाढदिवसाच्या जेवणावळीत तिला अचानक येणारे आजारपण, आणि मग तिला कुणी सांभाळायचे, हा प्रश्न. थोरल्याचे हॉटेल आहे. दुसरा मासे धरतो आणि होडीवर राहतो, कारण त्याचे घर पाडले जाते आहे. जुनी वस्ती जमीनदोस्त होते आहे, नवे बुरूज उठताहेत. कर्जे, लग्नांचे वाद, एक मतिमंद मुलगा. भूमिका करणाऱ्यांत दिग्दर्शकाचे नातेवाईक आणि गावकरी आहेत. चित्रण चारही ऋतूंतून, सुमारे दोन वर्षे चालले. ह्वांगही तीन-चार वर्षे लहरीने काढत होता, ते आठवावे.

त्यात एक दृश्य आहे. एक तरुण नदीत उतरतो आणि काठाला समांतर पोहू लागतो. त्याची प्रेयसी काठावरून चालते आहे. कॅमेरा नदीवरून त्यांच्याबरोबर सरकत राहतो, दहा मिनिटांहून अधिक, एकही तुकडा न पाडता. तो झाडांमागे दिसेनासा होतो, काठावरचे दुसरे लोक येतात, कुणी गळ टाकून बसले आहे, कुणी पोरांना घेऊन आले आहे, ते मागे जातात, पाणी उरते, पुन्हा तो दिसतो. डाव्या हाताने उलगडावे आणि उजव्या हाताने गुंडाळावे तसे. तो बाहेर पडतो तेव्हा दमलेला असतो, दोघे चालत राहतात, बोलत राहतात. नदीच्या त्या काठावरची काही घरे तोपर्यंत पाडून झालेली आहेत, काही अजून उभी आहेत. चित्रपट संपतो तेव्हा पडद्यावर 'समाप्त' येत नाही. पहिली गुंडाळी संपली, एवढेच येते.